‘सनराइज’चं तळं

लॉस एंजेलिसहून लेक ॲरोहेडला जायचं तर सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरातला वळणावळणाचा घाट चढावा लागतो. रस्त्याचं नावच ‘रिम ऑफ द वर्ल्ड’! पाच हजार फुटांवर पोचलं की पाइनची झाडं, गार हवा आणि मधोमध तळं. वीकएण्डवाली जोडपी इथे कॉफी आणि फोटोंसाठी येतात. आम्ही दोघं आलो होतो, कारण याच पाण्यावर एक नवरा बायकोला बुडवायला घेऊन निघाला होता.

घाबरू नका, सिनेमात! एफ. डब्ल्यू. मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकाचा ‘सनराइज’, १९२७चा अमेरिकन मूकपट. खेड्यातला शेतकरी, त्याची साधी बायको आणि शहरातून सुटीला आलेली ‘ती’. ‘ती’ सुचवते, बायकोला बुडव, शेत विक आणि माझ्याबरोबर शहरात चल. तिघांपैकी कुणालाही नाव नाही.

ते खेडं आता काठावर शोधू नका. फॉक्सने ते शूटिंगपुरतं बांधलं होतं. शहरही सेटच. ते लांबवर पसरलेलं भासावं म्हणून मागच्या वस्तू लहान केल्या आणि तिथे ठेंगणी माणसं उभी केली. इतकंच काय, हे तळंसुद्धा धरण बांधून केलेलं!

खरी वाटते ती ट्रॅम. होडीत नवरा उठून उभा राहतो, पण त्याचा धीर होत नाही. काठ येताच ती जीव घेऊन पळते आणि समोर आलेल्या ट्रॅममध्ये चढते. मागोमाग तोही. बाहेर झाडी सरते, तळं सरतं, शहर येतं. आत ती अंग चोरून बसलेली, आणि तिच्या तोंडून एक शब्द नाही. मूकपट पाहतोय हेच विसरायला होतं. भांडण करून एकाच गाडीने घरी गेलेल्या कुणालाही हा प्रवास कळेल. फक्त इथे भांडण नाही, खून होता होता राहिलाय.

पुढे शहरात केक, फुलं, चर्चमधलं कुणाचं तरी लग्न, त्याचं रडणं आणि तिची माफी. मला ती फार लवकर मिळाल्यासारखी वाटते. ‘माफी कसली,’ बायको म्हणाली, ‘तिला दुसरं जायचं कुठे होतं?’ सिनेमा तीनदा पाहूनही मला हे सुचलं नव्हतं.

बायकोचं काम करणाऱ्या जॅनेट गेनरला १९२९च्या पहिल्या ऑस्कर सोहळ्यात या आणि आणखी दोन चित्रपटांसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. ‘सनराइज’ची मूळ निगेटिव्ह मात्र १९३७मध्ये न्यू जर्सीतल्या गोदामाच्या आगीत गेली. आज आपण पाहतो ते वाचलेल्या प्रिंट्सवरून.

तळं खासगी आहे. स्वतःची होडी घालायची तर इथे घर हवं. आपल्यासारख्यांसाठी तिकिटाची फेरीबोट.

‘मधे बस,’ मी म्हणालो.

‘का?’ म्हणत ती कठड्यापाशीच बसली.