हरदत्ताची शिष्या

कालिदासाचें ‘मालविकाग्निमित्र’ हें ‘शाकुंतला’च्या मानानें धाकटें नाटक गणलें जातें, व तें रास्तही असेल, परंतु ज्यानें सारें आयुष्य मुलांच्या परीक्षा घेण्यांत घालविलें त्याला त्यांतील पहिले दोन अंक विसरतां येत नाहींत. गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य, आपणांपैकीं श्रेष्ठ कोण, हा वाद घेऊन राजापुढें येतात. निवाड्यासाठीं पंडिता कौशिकी हिला मध्यस्थ नेमतात. ती सुज्ञ बाई. हें शास्त्र करून दाखविण्याचें आहे, तेव्हां वाद न घालतां आचार्यांनीं शिष्यांकरवीं प्रयोग दाखवावा, आणि अंगसौष्ठव नीट दिसावें म्हणून भारी वेषभूषा नसावी, अशी तिची व्यवस्था. गणदास वयानें वडील म्हणून त्याची पाळी पहिली. मालविका येते, गाते, अभिनय करते, आणि राजा तृप्त होतो. तृप्त होणारच, कारण राजाला मालविका दिसावी म्हणूनच विदूषकानें हा सारा घाट घातला होता! मग हरदत्त आपलाही प्रयोग पाहावा अशी विनंती करतो. तोंच माध्याह्न झाल्याची ललकारी कानीं येते, भोजनाची वेळ टळूं नये असें विदूषक बजावतो, आणि हरदत्ताची बोळवण उद्यांवर होते.

तो उद्यांचा दिवस त्या नाटकांत उजाडतच नाहीं. हरदत्ताची शिष्या रंगभूमीवर येत नाहीं ती येतच नाहीं. वडिलांपाशीं बसून आम्हीं हें नाटक वाचलें तेव्हां आमचें वय सोळा होतें. ती मुलगी पडद्याआड कोठें उभी असेल, किती वेळ वाट पाहत असेल, हा प्रश्न तेव्हां मनांत आला नाहीं. तो येण्यास साठी उलटावी लागली, आणि निमित्त झाली आमची पुतणी.

ही धाकट्या बंधूंची कन्या. 2023 सालीं तिनें येथेंच वाणिज्य शाखेची पदवी घेतली, आणि निकालाच्या आठवड्यांतच घरांत जाहीर केलें कीं आपल्याला नाट्यशिक्षणाच्या संस्थेंत जावयाचें आहे. बंधूंनीं बँकेच्या परीक्षेचीं पुस्तकें आणून ठेवलीं होतीं. तीन दिवस घरांत कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. चवथ्या दिवशीं ती आमच्याकडे आली व म्हणाली, “काका, शाकुंतलाचा पांचवा अंक करायचाय. तुम्ही बसवून द्याल?” आमची विद्या केवळ मॅट्रिकपर्यंतची, त्यापुढें अध्यापनाची पदविका व वडिलांनीं दिलेलें संस्कृत, एवढीच काय ती शिदोरी. ती कोणाला तरी हवी आहे, या आनंदांत आम्हीं बंधूंचा रोष पत्करला.

पूर्वीं नट होण्यास अर्ज करावा लागत नसे. आमच्या कोल्हापुरांत 1890 सालीं जन्मलेले केशवराव भोसले अगदीं लहानपणीं स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत दाखल झाले, ‘शारदा’ नाटकांत शारदेच्या भूमिकेनें गाजले, आणि 1908 सालीं, अठरावें वर्ष चालू असतांना, हुबळीस स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढून मोकळे झाले. बालगंधर्व 1905 सालीं किर्लोस्कर मंडळींत गेले, त्याच्या मुळाशीं तर कानाचें दुखणें होतें. उपचारासाठीं शाहू महाराजांनीं त्यांना मिरजेस धाडलें आणि त्याच मिरजेंत ते शकुंतला होऊन प्रथम उभे राहिले. मंडळींत राहावयाचें, पाणी भरावयाचें, थोरांचीं कामें आंतून पाहावयाचीं, आणि एखादे दिवशीं कोणी आजारी पडला कीं तोंडाला रंग लावावयाचा. परीक्षा वर्षानुवर्षें चाले, आणि परीक्षक म्हणजे तिकीट काढून बसलेला पिट. त्या व्यवस्थेंत मुलांचे हालही पुष्कळ झाले. ती परत यावी असें आम्ही म्हणत नाहीं.

आतांची रीत निराळी. दिल्लीचें राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 सालीं निघालें. सई परांजपे, रोहिणी हट्टंगडी हीं आपलीं माणसें तेथेंच शिकलीं. अर्ज साऱ्या देशांतून येतात, आणि वर्गांत जागा तीसएक. आधीं निरनिराळ्या शहरीं प्राथमिक निवड, तींतून उतरलेल्यांची दिल्लींत कांहीं दिवसांची कार्यशाळा, आणि तेथें पुन्हां गाळणी. पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठांत नाट्यशिक्षण आहे, आमच्या शिवाजी विद्यापीठांतही संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे. तपशिलांत फरक असला तरी सर्वत्र सार एकच. पाठ केलेला वेंचा सादर करावयाचा, सांगतील तें आयत्या वेळीं करून दाखवावयाचें, आवाज ऐकवावयाचा, आणि नाटकाकडेच कां वळलांत याचें उत्तर द्यावयाचें. भरतमुनींनीं आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असा चार प्रकारचा अभिनय सांगितला. त्यांपैकीं आहार्य, म्हणजे वेष व रंग, येथें जवळजवळ बादच. कौशिकीचा दंडक दीड हजार वर्षांनंतरही टिकून आहे म्हणावयाचा! सात्त्विक अभिनय पांच मिनिटांत कसा मोजतात हें मात्र आम्हांला अजून उमगलें नाहीं.

दोन महिने आमच्या सोप्यावर तालीम चालली. दुष्यंत ओळख नाकारतो, अंगठी तर आधींच पाण्यांत पडलेली, आणि शकुंतला भर सभेंत एकटी उभी, असा तो प्रसंग. पोरीला त्यांत संताप दिसत होता. आम्हीं तिला संयम शिकविला. परीक्षा हिंदींत द्यावयाची असल्यानें तिनें हिंदी अनुवाद घेतला होता. आम्हीं मूळ श्लोक घटवून घेतले, श-ष वेगळे करविले, ऱ्हस्व-दीर्घ तोलून घेतले. आमच्या घराण्याला उच्चारांचा अभिमान फार. आजोबा म्हणे चुकीचा उच्चार कानीं पडला तर जेवणाच्या पानावरून उठत. ती अखेरीस इतकी स्वच्छ बोलूं लागली कीं ऐकतांना आमचे डोळे मिटत.

संस्थेचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मुंबईच्या केंद्रावर सकाळीं नवाला बोलावलें होतें, पाळी आली साडेचाराला. दुसऱ्या मिनिटाला “पुरे” झालें. मग, हरवलेली किल्ली शोधून दाखवा, असें फर्मावलें. तें केलें. परीक्षकांपैकीं एकानें कागदावरून मान वर न करतां अभिप्राय दिला कीं, वेंचा पाठ केल्यासारखा वाटतो, आणि तुमच्या हिंदींत तुमचें गांव ऐकूं येतें. यादी लागली तींत तिचें नांव नव्हतें.

परत आल्यावर ती एवढेंच म्हणाली, “काका, तुम्ही शिकवलंत तसंच म्हटलं हो मी.”

या वाक्यानें आम्हांला दोन रात्रीं झोप लागली नाहीं. अभिप्रायाचा पूर्वार्ध हा आमच्यावर होता, तिच्यावर नव्हे. तिचा संताप आम्हींच घासून पुसून काढला होता. आणि उत्तरार्ध? तो ऐकून बंधू खवळले. आमच्या मुलीचा उच्चार काढतात म्हणजे काय! आम्ही गप्प राहिलों. आम्हांला एक जुनी दुपार आठवत होती.

करवीर तालुक्यांतल्या एका शाळेवर असतांना संमेलनासाठीं आम्हीं श्रावणबाळाची नाटिका बसविली होती. मुलें निवडण्याची आमची कसोटी सोपी असे. फळ्यावर दहा शब्द लिहावयाचे व ते मोठ्यानें वाचून घ्यावयाचे. एका शेतकऱ्याच्या मुलाला श्रावण व्हावयाचें होतें. आवाज खणखणीत, डोळे बोलके. पण तो ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाला. दोनदां म्हणाला. आम्ही म्हणालों, “आधीं ण म्हणायला शीक, मग श्रावण हो.” वर्ग हंसला. आम्हीं त्याला पडद्याच्या दोरीवर ठेवलें आणि पुढच्या मुलाला हांक मारली. साऱ्याला एक मिनिटही लागलें नसेल. त्या दिवशीं आपण कांहीं वावगें केलें असें आम्हांस वाटलें नाहीं. शुद्ध बोलणें हीच आम्ही गुणवत्ता समजत होतों, आणि तसें बोलणें ज्यांना घरींच मिळतें त्यांचीच वर्णी दरवर्षीं लागे, हें आमच्या ध्यानांतही आलें नाहीं.

खासबागेंत कुस्ती हरलेल्या मल्लाला आपण कां हरलों हें ठाऊक असतें. पाठ मातीला लागली ती त्याला कळते, पंचाला कळते, आणि अगदीं वरच्या पायरीवर शेंगा खात बसलेल्यालाही कळते. पुढच्या वर्षीं तो त्या डावाचा तोड शिकून येतो. नाटकाच्या परीक्षेंत पाठ कोठें लागली हें दिसत नाहीं. तेथें नाकारला जातो तो डाव नसतो. उंची, चेहरा, आवाज, बोली, म्हणजे सारें माणूसच. हें टळण्यासारखें नाहीं, हेंही आम्ही जाणतों. शेंकड्यांनीं मुलें येणार आणि तीस घ्यावयाचीं, तर परीक्षकानें करावें तरी काय? पण मान वर करतां येते. तेवढें आम्हांलाही करतां आलें असतें.

त्याच हिवाळ्यांत पुतणीला येथल्या एका हौशी संघांत लहानसें काम मिळालें. प्रयोग केशवराव भोसले नाट्यगृहांत होता. 1915 सालीं शाहू महाराजांनीं पॅलेस थिएटर म्हणून बांधलें तेंच. आम्ही चवथ्या रांगेंत होतों. दुष्काळी गांवांतला एक म्हातारा बाप रंगमंचावर आला, त्यानें सुनेजवळ पानी मागितलें, आणि आम्ही ताठ बसलों. नाट्यगृह चिडीचूप झालें होतें. पन्नाशीकडे झुकलेला तो गृहस्थ कोण हें आम्हांला पत्रिका न पाहतांच कळलें.

प्रयोग संपल्यावर तोच रंग पुसत बाहेर आला आणि पायां पडला. पुतणीनें त्याला आधींच सांगितलें असावें. क्षमा कशी मागावयाची याचीं वाक्यें आम्हीं पडदा पडल्यापासून जुळवीत आणलीं होतीं. त्यानें बोलूंच दिलें नाहीं. “गुरुजी, तुमी मला पडदा वडायला ठेवलासा न्हवं? समद्यांचं बोलणं पाठ झालं बगा तवा. दोरी धरून उभा ऱ्हायचं आन् ऐकायचं.” त्याच्या बोलण्यांत टोमणा होता काय, हें आम्हीं पुष्कळ ताडून पाहिलें. नसावा. मग त्यानें गुळाच्या दराची गोष्ट काढली, आणि आमचीं वाक्यें आमच्यापाशींच राहिलीं तीं आजतागायत.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्रीं तें नाट्यगृह जळालें. दुसरे दिवशीं केशवरावांची जयंती. सकाळीं पुतणीला घेऊन गेलों तों रस्त्यावर माणसें मुकाट्यानें उभीं होतीं, कांहीं रडत होतीं. पडद्याची दोरी धरणारा आमचा विद्यार्थीही त्यांत होता. पुतणी त्याच्याशेजारीं जाऊन उभी राहिली. आम्ही मागेंच थांबलों.

यंदा ती पुन्हां परीक्षेस जाणार आहे. मधल्या काळांत दोन नाटकें झालीं, एका शिकवणीवर्गांत नोकरीही धरली. बंधूंनीं बँकेचीं पुस्तकें रद्दींत दिलीं नाहींत, पण माळ्यावर टाकलीं आहेत. वेंचा तोच, पांचव्या अंकांतला. मात्र यावेळीं तिनें आम्हांला बसवून द्या म्हटलें नाहीं. खुर्ची मांडून दिली, हातांत कागद दिला, आणि म्हणाली, “काका, तुम्ही परीक्षक. दोन मिनिटं झाली की ‘पुरे’ म्हणा. सवय हवी.”

तिनें सुरुवात केली. दोनतीन ठिकाणीं ऱ्हस्वाचें दीर्घ झालें. राग होता, तो आवाजांतून आधीं आणि शब्दांतून मागाहून येत होता. घड्याळांत दोन मिनिटें झाली, तीन झाली, सहा झाली. वेंचा संपला तेव्हां ती आमच्यावरच रागावली, “म्हणा म्हटलं होतं ना!”

आतां ती रोज हें काम तिच्या आईकडून करवून घेते. भावजय ओट्यापाशीं उभ्या उभ्याच बरोबर दोन मिनिटांनीं “पुरे” म्हणतात. मुंबईचें, महालक्ष्मी एक्स्प्रेसचें तिकीट अजून प्रतीक्षायादींत आहे, बारावें.