कुंट्याचा धनी

नल्लकुंटा हे नाव आपण हैदराबादकर रोज उच्चारतो. पण ‘कुंटा’ म्हणजे लहान तळे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. नांदता कुंटा पाहावयाचा तर शहर मागे टाकून इब्राहिमपट्टणच्या बाजूस जावे. दोन खडकाळ टेकड्यांमधील सखल जागी मातीचा ठेंगणा बांध दिसतो. तेलुगूत त्यास ‘कट्ट’ म्हणतात. आपल्या ‘कट्ट्या’चा तो भाऊबंदच शोभावा. बांधाच्या पोटात शेताला पाणी सोडण्याचा ‘तूम’ असतो, आणि एका टोकास जादा पाणी वाहून जाण्यासाठी दगडी ‘अलुगू’. मातीच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की बांध फुटतो. म्हणून अलुगू हाच त्याचा प्राण होय.

मोठे तलाव राजांनी बांधविले; लहान कुंटे मात्र पुष्कळदा गावच्या ऐपतदार माणसाने पदरमोड करून बांधले. अशा माणसास ‘दशबंध’ इनाम देण्याची तेलुगू मुलखात जुनी चाल होती. नावाप्रमाणे मूळचा तो दहावा हिस्सा.

पण मातीचा बांध मालकी जाणत नाही. तो झिरपतो, आणि शेजाऱ्याच्या विहिरीस पाझर फुटतो. म्हशी डुंबतात, कोळी जाळे टाकतात, बांधावरची शिंदी माती धरून ठेवते. उन्हाळ्यात तळाचा गाळ शेतांत जातो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन काकतीय’ योजनेनेही हीच जुनी रीत उचलली. उलट, महाराष्ट्रातील प्लास्टिक अंथरलेले शेततळे पाणी नेमके धन्यापुरतेच राखते.

कुंट्याचा तळ कित्येकदा खाजगी असतो. त्यास ‘शिकम पट्टा’ म्हणतात: पाणी ओसरल्यावर तेथे पेरावे, घर मात्र बांधू नये. शहर वाढले, जमिनीस सोन्याचा भाव आला, आणि भाताच्या जागी भूखंड पडले. कुंटे साखळीने बांधलेले असतात. एकाच्या अलुगूचे पाणी पुढच्याच्या पोटात जाते. मधला बुजला की ते पाणी घरांत शिरते. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत शहरातील कित्येक वस्त्यांनी हे अनुभवले. सुदैवाने परतीची वाटही आहे: अंबरपेठेतील बुजलेला बतुकम्मा कुंटा उकरला गेला आणि २०२५ मध्ये तेथे पुन्हा तळे झाले.

आपल्यापैकी कोणाच्या नावे गावाकडे असा बांध असेल, तर त्याने पावसाळ्यापूर्वी एकदा अलुगू मोकळा करून घ्यावा. सातबारा वा पट्टा आपल्या नावे असेल. खालच्या गावाची झोप मात्र त्या दगडी वाटेवर अवलंबून असते.