केशरी खोक्यातली पर्स



पर्युषणाला आठ दिवस होते. नणंदेची मुलगी पुण्याहून केंदूरला आली. नोकरीतला पहिला मोठा बोनस मिळालेला. "मामी, तुमच्यासाठी!" म्हणत तिने केशरी रंगाचा खोका पुढे केला. आत लुई व्हिटॉनची तपकिरी पर्स. किंमत कळल्यावर आमचे हे म्हणाले, "आता हिच्यात ठेवायला पैसे कुठून आणायचे?"

खोटं कशाला बोलू, दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी मी, ती हातात घेऊन दोनदा आरशासमोर उभी राहिले.

भाचीला सगळा इतिहास पाठ. या लुईने 1854 साली पॅरिसमध्ये ट्रंकांचं दुकान काढलं. तेव्हाच्या ट्रंकांची झाकणं घुमटासारखी असायची, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जाई. याने सपाट झाकणाच्या ट्रंका केल्या, एकीवर एक रचता येणाऱ्या. आगगाडी आणि बोटीच्या प्रवासाला याहून सोयीचं काय? पर्सवरची ती फुलं आणि अक्षरं त्याच्या मुलाने, जॉर्जने, 1896 मध्ये आणली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी 1926 साली या घराण्याने चहाच्या सामानाची खास पेटी बनवली होती. महाराज मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे! हे ऐकून मला उगीचच ती पर्स घरची वाटायला लागली.

"आणि मामी, ही चामड्याची नाही हं, कापडाची आहे. म्हणून तर घेतली."

कापडाचीच होती, लेप दिलेल्या कापडाची. पण मूठ? मुठीवरून बोट फिरवलं आणि कळलं. भाचीने मोबाईलवर बघितलं. मूठ आणि कडांची पट्टी गाईच्या चामड्याची. वापरून वापरून, हाताच्या घामाने ती मधासारखी गडद होत जाते म्हणे, आणि शौकीन बायका त्याच रंगासाठी जीव टाकतात. मला मात्र ती मूठ पुन्हा धरवेना.

पोरीचा चेहरा उतरला. मला रात्रभर झोप नाही. गप्प राहून कपाटात ठेवली असती तर तिचं मन राहिलं असतं. पण मग पाबळच्या तीर्थाला जाताना बरोबर काय नेणार होते? देरासरात शिरण्याआधी पुरुष कमरेचा पट्टा बाहेर काढून ठेवतात. माझ्या हातात सासूबाईंनी जुन्या इरकलीचा शिवलेला बटवा असतो, त्यात केशर, अक्षता, चार बदाम. पंचवीस वर्षं झाली, नाडी तेवढी तीनदा बदलली.

शिरूरच्या पर्स शिवणाऱ्याला विचारून पाहिलं, सुती मूठ लावून देशील का? त्याने उलटीपालटी केली आणि परत दिली. "ताई, हिला सुई लावायची माझी छाती होत नाही."

शेवटी भाचीलाच म्हटलं, "बाई, परत कर. पैसे तुझे तुला राहू देत. मला राग नाही, तूही धरू नकोस." ती काही बोलली नाही. पर्स घेऊन गेली. संवत्सरीला पहिला फोन तिचाच आला. मिच्छामि दुक्कडम् झालं, आणि मग हळूच विचारते, "मामी, तसला बटवा मला शिवाल?"

इरकलीचा एक तुकडा उरलाय. दिवाळीपर्यंत होईल.

पर्सबरोबरची एक केशरी कापडी पिशवी मात्र चुकून माझ्याकडेच राहिली. माझं कटासन आणि मुहपत्ती तिच्यात छान बसतात.