हिवाळा नसलेले शहर

कळव्याच्या अण्णांचे वय ७२. किराणा दुकान त्यांनी धाकट्या मुलाकडे सोपवले. दमा मात्र कोणाकडे सोपवता येत नाही. पौष-माघात पारसिकच्या डोंगराकडून पहाटवारा सुटला की त्यांची झोप उडते. अशातच थोरल्या मुलाच्या कंपनीने बदलीसाठी हाँगकाँग, दुबई आणि सिंगापूर ही तीन शहरे पुढे ठेवली. आई-वडिलांना घेऊनच जायचे, हा मुलाचा आग्रह. आणि थंडी पडते तेथे पाऊल ठेवायचे नाही, ही अण्णांची अट.

आयुष्यभर तागडीने व्यवहार केलेल्या माणसाने हवामानही तोलून घ्यावे, हे स्वाभाविकच होते. त्यासाठी माप उपलब्ध आहे. व्लादिमिर कोपेन या मूळच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०० साली वनस्पतींच्या आधारे जगाच्या हवामानाची वर्गवारी मांडली. सर्वात थंड महिन्याचे सरासरी तापमान १८ अंशांच्या खाली न जाणारा प्रदेश खरा उष्णकटिबंधीय. येथे सरासरीचा अर्थ दिवस-रात्र मिळून, हे विसरू नये. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता, तरीही तेथील जानेवारीची सरासरी २४च्या आसपास असते. कळवाही याच पंक्तीतले.

या मापाने हाँगकाँग पहिल्याच फेरीत बाद झाले. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असूनही तेथील जानेवारीची सरासरी साडेसोळाच्या घरात; २४ जानेवारी २०१६ रोजी तर ३.१ अंशांची नोंद झाली. चीनच्या भूभागावरून उतरणारे थंड वारे कर्कवृत्ताची रेघ पाहून थांबत नाहीत. दुबई उष्ण खरी, पण वाळवंटी. आणि जानेवारीच्या रात्री तेथे स्वेटर लागतोच.

श्रीमंत देशांत या कसोटीला उतरणारी शहरे मोजकीच आहेत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मायामी आणि तिचा परिसर, पण तेथेही १९ जानेवारी १९७७ रोजी हिमकण भुरभुरले होते. जपानच्या दक्षिण टोकाला इशिगाकी बेट. ओकिनावाची राजधानी नाहा थोडक्यात हुकते. होनोलुलू उबदार, मात्र शहराच्या सखल भागात पाऊस बेताचाच. ऑस्ट्रेलियात केर्न्स, टाउन्सव्हिल आणि डार्विन. या सगळ्यांत विषुववृत्तापासून अवघ्या १४० किलोमीटरवरचे सिंगापूर सर्वात निःसंदिग्ध. तेथे सर्वात गार आणि सर्वात उष्ण महिन्यांच्या सरासरीत जेमतेम दोन अंशांचा फरक असतो.

म्हणजे प्रश्न सुटला, असे मुलाला वाटले. काकूंनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला: तिथे वाळवण कधी घालतात?

हा प्रश्न कोपेनच्या मापाइतकाच मोलाचा आहे. सिंगापूरचा वार्षिक पाऊस सुमारे २४०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या ठाणे परिसरातल्या पावसाच्या जवळपास. पण आपल्याकडे तो जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो, तर तेथे सर्वात कोरड्या महिन्यातही १०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपले पापड-कुरडया, वर्षाचे धान्य भरणे, मसाले कुटणे, गच्चीची डागडुजी, इतकेच काय, साधु-साध्वींचा चातुर्मासातील एका जागी मुक्काम आणि पुढचा विहार, हे सारे पावसाळा येतो आणि जातो या भरवशावर उभे आहे. जिथे तो जातच नाही, तिथे वाळवणाला महिना कोणता नेमावा?

पावसाच्या चालीने कळव्याचे खरे भावंड म्हणजे डार्विन. तेथेही सहा-सात महिने कोरडे, मग उकाडा, मग मान्सून. फक्त तो डिसेंबर ते मार्चमध्ये येतो. पण त्या गावी मुलाच्या कंपनीची शाखा नव्हती. हवामान जुळले तरी पोट जुळावे लागतेच.

सिंगापूरविषयी अण्णांना आणखी एक गोष्ट कळली आणि ते हसले. पहिले पंतप्रधान ली कुआन यू वातानुकूलन यंत्राला उष्ण प्रदेशातील प्रगतीचे मोठे साधन मानत. त्यांनी ते आधी सरकारी कचेऱ्यांत बसवले. आज तेथील दुकाने, गाड्या, कार्यालये इतकी गार असतात की बाहेर घाम आणि आत हुडहुडी. ज्या शहराला निसर्गाने हिवाळा दिला नाही, त्याने तो विजेचे बिल भरून आणला! दम्याच्या माणसाला ही थंडी पौषातल्या पहाटेपेक्षा कठीण, कारण ती दारोदारी आहे. डॉक्टरांनी लोकरी मफलर आणि फवाऱ्याचे औषध कायम जवळ ठेवण्यास सांगितले.

अखेर मुलाने सिंगापूर स्वीकारले. अण्णा-काकूंची तिकिटे कार्तिकी पौर्णिमेनंतरची काढली आहेत, चातुर्मास कळव्यातच. मेमध्ये गच्चीवर घातलेले उडदाचे पापड डब्यात भरून तयार आहेत. सिंगापूरचा सर्वाधिक पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच असतो, तेव्हा छत्र्या यंदा माळ्यावर न जाता थेट बॅगेत जातील.