माटव उतरवताना

मालवणास जाणारी मंडळी सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, सुरमई खातात आणि मे महिना संपता संपता परततात. गावाची खरी धांदल सुरू होते ती त्यांची पाठ वळल्यावर. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जातात, आणि घरोघरी खळ्यातला माटव उतरतो.

खळे म्हणजे अंगण आणि माटव म्हणजे त्यावरचा मांडव. तो दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास उभा राहतो. पोफळीचे खांब, बांबूचे वासे, वर माडाची विणलेली झापे. सारे सुंभाने बांधलेले, खिळा एकही नाही. लग्नाच्या पंगतीपासून दुपारच्या डुलकीपर्यंत सगळे त्याच्याच सावलीत. मात्र मृग लागण्यापूर्वी तो उतरलाच पाहिजे. या जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात उभा राहिलेला माटव पुढच्या वर्षी चुलीत घालण्याच्या लायकीचा उरतो.

मला हा व्याप नको होता. म्हणून चार वर्षांपूर्वी आचऱ्याच्या वाटेवरील आमच्या घरी, खळ्याच्या कडेला, जुईसाठी मुंबईहून सागवानी मंडप करवून आणला. चकचकीत वार्निश, पाय सिमेंटात पक्के. ‘आता बघायला नको,’ असे विकणाऱ्याने सांगितले. मीही बघितले नाही.

यंदा आमच्या आबांनी (माझे काका, वय ८१) कोयत्याचे टोक त्याच्या एका पायाशी टेकवले. चहात बुडवलेल्या खारीसारखे लाकूड त्यांच्या हातात आले. वरचा भाग मात्र ठणठणीत!

“लाकूड पावसान कुसत नाय रे झिला,” आबा म्हणाले. “पाणी रवला की कुसता.”

गोष्ट अगदी खरी. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओल आणि हवा दोन्ही लागतात. जमिनीलगत तिला दोन्ही मिळतात. वार्निशाला उन्हाने चिरा पडल्या, त्यांतून पाणी आत गेले आणि त्याच वार्निशाने ते आत कोंडून ठेवले. सिमेंटाची खोबण म्हणजे तर पाण्याची वाटीच. शिवाय माझ्या सागवानात निम्मे लाकूड कडेचे, पांढरे होते. सागाची ख्याती आहे ती गाभ्याच्या लाकडाची. हे मला पैसे मोजून झाल्यावर कळले.

आबांची रीत वेगळी. खांब उपटायचे, माती झाडायची, चार दिवस उन्हात वाळवायचे. मग बुडाला आणि कापलेल्या टोकांना काजूच्या टरफलाचे तेल. लाकूड पाणी पिते ते टोकांनीच. हे तेल काठीला चिंधी बांधून लावावे. अंगावर उडाले तर फोड येतात, हे माझे मनगट सांगेल.

पूर्वी वासे स्वयंपाकघराच्या माळ्यावर जात आणि चार महिने चुलीचा धूर खात. कीड फिरकत नसे. घरात गॅस आला, धूर गेला, आणि भुंगेऱ्यांनी पोखरलेल्या बांबूचा भुगा आमटीत पडू लागला. तेव्हापासून वासे पडवीत, चिऱ्यांवर, वारा खेळेल असे रचतात.

“आबा, पुढच्या वर्षी लोखंडी पाइप आणि पत्रे घालू या का?” मी भीत भीत विचारले. शेजारी घातले आहेत. खारा वारा पाइपांना गंज चढवतो, दुपारी खाली बसवत नाही. पण उतरवावे लागत नाहीत.

“घाल,” ते म्हणाले. एवढेच.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा माटव उभाच होता. झापे कुठल्या कुठे गेली, पण खांब आणि वासे जागच्या जागी राहिले. त्या वेळी आबांनी एकट्याने तो सोडवला होता. यंदा एक खांब उचलताना दोनदा खाली बसले.

तिसऱ्या प्रहरी पाहतो तो, ते कोयत्याने प्रत्येक खांबाच्या माथ्याशी खाचा पाडीत होते. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. पूर्वी असे कधी केलेले मी पाहिले नव्हते.

“तुम्हांला तर डोळे मिटून ओळखता येतात!”

“माका खाचा कशाक?” ते मान वर न करता म्हणाले. “तुका लागतले.”

मी सातवा खांब त्यांच्यापुढे आडवा केला.