चढावरचा आवाज

लहान मालमोटारीस पुण्यात सरसकट 'टेम्पो' म्हणतात, मग ती कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडलेली असो. हे नाव मूळचे हॅम्बुर्ग येथील एका जर्मन कारखान्याचे. त्याच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी काढली. २००५ साली कंपनीने ते नाव टाकले, पण पुणेकरांनी टाकले नाही. संगीतात या शब्दाचा अर्थ लय असा आहे. तेव्हा अशा गाडीची लय चुकली, तर ती प्रथम कानांनीच ओळखावी, हे योग्यच होय. तथापि कान सर्वांस असले, तरी ऐकण्याची शिस्त फार थोड्यांस असते, असे आम्हांस अलीकडे एका प्रसंगाने कळून आले.

आमच्या चुलतबंधूंचा एक पिकअप आहे. सासवडकडील अंजिरे व सीताफळे हंगामाप्रमाणे तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणतो आणि परतताना खतांची पोती घेऊन दिवे घाट चढतो. या घाटातच तो प्रथम बोलू लागला. जागेवरून निघताना बुडाखालून 'ठक' असा एक ठोका, पाठोपाठ घरघर व अंगभर थरथर. वेग आला की सारे शांत. एका कारागिराने उभ्या गाडीसच कान लावला आणि गिअरबॉक्स उतरवून उघडावी लागेल, चार दिवस मोडतील, असा निर्णय दिला. चार दिवस ही आमच्यासारख्या पगारदारांस किरकोळ गोष्ट वाटेल. परंतु पिकलेले अंजीर दोन दिवसही थांबत नाही, आणि कर्जाचा हप्ताही थांबत नाही.

म्हणून बंधूंसह आम्ही नाना पेठेत, सुट्या भागांच्या दुकानांमागील एका बोळात बसणाऱ्या वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "दादा, आवाज कसा येतो ते मी ऐकीन, केव्हा येतो तेवढे तुम्ही सांगा." मग प्रश्न सुरू झाले. गाडी रिकामी असता येतो की भरलेली असता? एकाच गिअरात की सर्वांत? पाय उचलला की थांबतो काय? उत्तरे ऐकून त्यांनी गाडी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढविला, आवाज नाही. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी वाहू दिली. तरी नाही, म्हणजे चाकांची बेअरिंगे सुटली. पहिल्या, दुसऱ्या व उलट्या गिअरात निघताना ठोका सारखाच. तेव्हा एखाद्या दातेरी चाकाचाही तो दोष नव्हे. उरला तो गिअरबॉक्सपासून मागच्या धुरेपर्यंत शक्ती नेणारा दांडा, ज्यास प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. त्या गाडीत तो दोन तुकड्यांचा असून मध्ये एका बेअरिंगवर, रबराच्या कड्यात, टांगलेला होता. चाकांपुढे दगड लावून मिस्त्री खाली शिरले, दांडा हाताने हलविला, आणि ते रबर फाटलेले सापडले. दुपारपर्यंत नवे बेअरिंग बसून गाडी मार्गस्थ झाली. गिअरबॉक्सचा एक बोल्टही सैल करावा लागला नाही.

याचे कारण साधे आहे. सपाटीवर, एकसारख्या वेगात, दांड्यावर ताण थोडा असतो. निघताना व चढावर तो फार वाढतो. मागची धुरा पाट्यांखाली किंचित पिळते, सांध्यांचे कोन बदलतात, आणि आधार झिजला असेल तेथे दांडा नाचू लागतो. दोष आधीपासूनच असतो. भार पडला म्हणजे तो बोलतो. इतर आवाजांसही हाच न्याय लावावा. वेग घेताना शिट्टी वाजून जोर कमी पडला व काळा धूर आला, तर टर्बोची हवेची नळी फाटली असावी. थंड इंजिनाची टकटक तापल्यावर मंदावली, तर धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या जोडावरील गॅस्केट पाहावे. वेगाबरोबर चढणारा मागचा 'घूं' असा नाद पाय उचलताच बदलला, तर डिफरेन्शियलकडे वळावे.

१८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीवर ठेवली, आणि तीतूनच पुढे स्टेथॉस्कोप निघाला. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्रावर टेकवून त्याची मूठ कानाशी धरण्याची मिस्त्रींची रीत त्याच कुळातील होय. पुण्यातच, १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेत, वाहनांचे नाद व कंपने सूक्ष्म उपकरणांनी मोजली जातात. बोळातील कान व प्रयोगशाळेतील उपकरण यांत साधनांचा भेद मोठा आहे; पण आवाज कोणत्या अवस्थेत निघतो हे आधी ठरवावे, हा नियम दोन्हीकडे एकच.

मिस्त्री म्हणजे फसविणारा, असा एक समज आम्हां सुशिक्षितांत घट्ट बसला आहे. काही ठिकाणी तो खराही असेल. परंतु 'काहीतरी वाजते आहे, बघा' एवढे सांगून किल्ली हाती देणारा मालकच अनेकदा त्या फसवणुकीस वाट करून देतो. केव्हा, कोणत्या वेगात, किती भारावर, हे ज्याने टिपून ठेवले, त्याने निम्मे निदान घरीच केले. दुसरी गोष्ट मोबदल्याची. त्या मिस्त्रींनी पैसे घेतले ते बेअरिंगचे व हातांच्या मजुरीचे. प्रश्नांचे त्यांनी काहीच घेतले नाही. वास्तविक आमच्या बंधूंचे चार दिवस वाचले ते त्या प्रश्नांमुळे. पुढच्या हंगामात बंधूंनी अंजिरांची एक पाटी त्यांच्या घरी पोचती केली. तरी तो हिशेब पुरता फिटला, असे आम्हांस वाटत नाही.