ईदेला चांगला बोकड विकला अन् कळप बसला



परवा रविवारी व्यापारी येऊन गेला. गोठ्यात शिरल्या शिरल्या त्याचा हात नेमका सरदारच्या पाठीवर पडला. दात बघितले, दोन दाती. कमरेला हात घालून उचलला अन् म्हणाला, "२१ हजार देतो. ईदेपर्यंत तुमच्याच दावणीला राहू द्या." काट्यावर ३१ किलो भरतोय. यंदा ईद पेरणीच्या आधी, म्हणजे बियाणं-खताची सोय लागत होती. मी नाही म्हणालो. तो गेल्यावर मालकीण दोन तास माझ्याशी बोलली नाही.

तिचंही चूक नव्हतं. पण मी का नाही म्हणालो ते लिहितो, कारण ही चूक माझ्या हातून एकदा होऊन गेलीय.

आमच्याकडं तुळजापूर तालुक्यात उस्मानाबादी शेळी. २०१८ ची ईद ऑगस्टात होती. तेव्हा गोठ्यातले सगळ्यात भारी दोन बोकड मी व्यापाऱ्याला दिले. पैसे चांगले आले, दुकानाची उधारी फिटली. मागं राहिला एक उशिराचा, किरकोळ, कुणी विचारतच नव्हतं असा. अन् तोच २२ शेळ्यांना लागला! आपण निवड केलीच नाही, निवड व्यापाऱ्यानं केली. त्यानं चांगलं नेलं, राहिलेलं आपल्या कळपाचं बाप झालं. पुढच्या पावसाळ्यात करडं काट्याला लावली तर सहा महिन्यांचा बोकड १२-१३ किलो. आधी १५-१६ भरायचा. चारा तोच, गोठा तोच, लसी वेळेवर.

हिशोब साधा आहे. एक शेळी खराब निघाली तर तिची दोन-तीन करडं खराब. बोकड खराब निघाला तर वर्षाची पन्नास-साठ करडं खराब. अन् आपण शेळी घेताना कास बघतो, सड बघतो, वेत विचारतो. बोकड मात्र उरलासुरला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. पाव्हण्याकडं एक करडू होतं, तीन महिन्यांचंच १४ किलो. बघताक्षणी भरलं, घेऊन आलो. त्याची लेकरं वजनाला बरी निघाली. मी खूश. खरी मेख दोन वर्षांनी कळली. त्याच्या पाठी मी कळपात ठेवल्या होत्या, त्या व्यायला लागल्या अन् एकेकच करडू द्यायला लागल्या. नऊ पाठींत जुळं एकीलाच. पहिलं वेत म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वेताला पण तेच. मग पाव्हण्याला विचारलं तर कळलं, त्या बोकडाची आई कायम एकच करडू देणारी. म्हणूनच तो १४ किलो होता! दोन्ही सडांचं दूध एकट्यानं पिलेलं. वाढ त्याच्या रक्तातली थोडी, आईच्या दुधाची जास्त.

आमच्या डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं. "ह्या बोकडाला जुळी पडतात" असं आपण बाजारात ऐकतो, ते खरं नाही. जुळं होणं शेळीच्या बीजांवर आहे. माजाला दोन बीजं सुटली तर जुळं. बोकडाचा तो गुण त्यानं लावलेल्या शेळीत दिसत नाही, त्याच्या लेकीत दिसतो. फलटणला निंबकरांच्या संस्थेनं बंगालकडच्या गरोळ मेंढीतला जुळ्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला, त्यातही नर तो गुण पुढं नेतो, पण जुळी देतात त्याच्या लेकी. म्हणून बोकडाची चूक उशिरा कळते, अन् तोवर अर्धा कळप तिचा झालेला असतो.

तेव्हापासून घरात वही आहे. सूनबाई लिहिते. कुठल्या शेळीला कधी लावला, किती दिली, किती जगवली, तीन अन् सहा महिन्यांचं वजन. तुलना करताना जुळ्याची जुळ्याशी, एकट्याची एकट्याशी, अन् एकाच हंगामातल्यांची. पहिलारू शेळीचं करडू हलकं असतं, ते पण ध्यानात धरायचं.

सरदार त्या वहीतून निघाला. आईची पाच वेतं, पहिलं सोडलं तर चारी जुळी, अन् सगळी जगवलेली. हा पण जुळ्यातला, तरी तीन महिन्यांला साडेदहा अन् सहा महिन्यांला १७ किलो. वहीनंतर अंग बघितलं. दोन्ही अंड खाली उतरलेले, सारखे, हाताला घट्ट, मध्ये गाठ नाही. एकच अंड असलेला बोकड कितीही देखणा असो, खच्ची करून बाजार. खालचा दात वरच्या हिरडीला बरोबर टेकला पाहिजे, नाहीतर चरताना मागं पडतो. मागचे पाय सरळ, खुरं उभी, कारण वजन तिथंच पेलायचं असतं. छाती रुंद. कपाळावर चांद असला की ईदेला भाव चढतो, पण त्याला गोठ्यात काही किंमत नाही.

एक अडचण राहतेच. दीड-दोन वर्षांत त्याच्या स्वतःच्या लेकी माजावर येतील. बाप-लेक लागले की करडं कमजोर, मर जास्त. त्यासाठी तीन गावं पलीकडच्या एका शेतकऱ्याशी बोललोय, तो पण वही ठेवतो. दोन वर्षांनी बोकडाला बोकड बदली करायचा. फक्त आधी रक्त तपासायचं, ब्रुसेला घरात यायला नको, अन् आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधायचा.

पैशाचं असं केलं. सरदारच्या बरोबरीचे दोन बोकड अन् एक म्हातारी शेळी दिली. तरी बियाण्याला कमीच पडले. मग मालकीणच म्हणाली, "अहो, गेल्या सालचं सोयाबीन आहे की घरात. तेच पेरू, उगवण बघून." काल रात्री तिनं १०० दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेत. चार-पाच दिवसांनी मोड मोजायचे.